तुम्ही विचारलंत म्हणून: पोरीला शिबिराला पाठवू का?

दिवाळीची सुट्टी संपली की ओळखीतल्या कुणाच्या तरी घरी एनएसएसच्या, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या, शिबिराचा फॉर्म येतो आणि मला फोन येतो. 'तू गेली होतीस ना? पोरीला पाठवू का? सात दिवस खेड्यात राहून शिकतात तरी काय? नेतृत्वगुण येतात म्हणे.' फोनवर मी 'पाठवा हो, बिनधास्त' एवढंच म्हणते. जरा सविस्तर सांगायचं राहून जातं, ते इथे सांगते.

आधी काळजीचं. मुक्काम बहुतेक वेळा गावच्या झेडपी शाळेत नाहीतर समाजमंदिरात. मुलींची खोली वेगळी, सोबत मॅडम. सतरंजी, जाड पांघरूण, बॅटरी आणि स्वतःचं ताट-वाटी-पेला द्या. पहाटेची थंडी बोचते आणि गरम पाणी नंबर लागला तरच मिळतं. निव्वळ वाढीव गुणांसाठी येणारी मुलंही असतात. असू देत, दोन दिवसांनी कोण कशासाठी आलंय हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

योजना तशी जुनी. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. वर्षाला १२० तास काम आणि दोन वर्षांत एकदा दत्तक गावात सात दिवसांचं विशेष शिबिर. बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं चाक, ब्रीदवाक्य 'नॉट मी बट यू'. हे सगळं उद्घाटनाच्या भाषणात येतंच. दुपारच्या बौद्धिकात 'नेतृत्व' हा विषयही हमखास असतो. पहाटेपासून राबलेली, पिठलं-भाकरी हाणून बसलेली पोरं. वक्ता कितीही तयारीचा असो, मागच्या रांगा पेंगतात. त्या व्याख्यानांतलं मला एक वाक्य आठवत नाही.

मला जे काही आलं ते ओढ्यात आलं.

गावाजवळच्या ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरायची, तोंडं सुतळीने शिवायची आणि प्रवाहाला आडवे थर रचायचे. पावसाळ्यानंतर जे पाणी वाहून जातं ते अडतं, पुढे काही काळ गुरांना आणि धुण्याला पुरतं, आसपासच्या विहिरींनाही थोडं पाझरतं. मी गटप्रमुख झाले, तीही चिठ्ठीत नाव निघालं म्हणून. गटात ओळखीचं कुणी नाही. कॉमर्सच्या दोघी एकमेकींना सोडायला तयार नव्हत्या, सायन्सवाल्यांनी फावडं कधी धरलेलं नव्हतं, आणि शेतकरी घरातला एक दांडगा मुलगा एका मुलीकडून काही ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हता. माझा तर कुणावरच काडीचा अधिकार नव्हता. पगार कापता येत नाही, मार्क माझ्या हातात नाहीत, आणि कुणावर डाफरलं तरी रात्री त्याच पंगतीला बसायचं. ऑफिसात मोठ्या खुर्चीवर बसलेल्या कितीतरी लोकांना ही वेळ आयुष्यात कधी येत नाही, आणि ते जाणवतं हो.

पोती भरू लागलो तेव्हा काठावर एक आजोबा बराच वेळ गप्प बघत बसले होते. शेवटी म्हणाले, 'अगं पोरी, गच्च भरू नका. गच्च पोतं गोल होतं, बसत नाही. पाऊणच भरा.' खरंच, आमची पोती लवंडत होती आणि फटींतून पाणी पळत होतं. पाऊण भरलेलं पोतं पायाने चेपलं की शेजारच्याला घट्ट चिकटून बसायचं. आमच्या दांडग्याला हे ठाऊक होतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. रचण्याचं काम मी त्याच्यावर सोपवलं आणि स्वतः घमेल्यांच्या साखळीत उभी राहिले.

साखळीची गंमत अशी, की पुढच्याने वळून हात पुढे केल्याशिवाय घमेलं सरकत नाही. दोन दणकट पोरं शेजारी शेजारी ठेवली की ती ईर्षेला पेटतात आणि त्यांच्यापुढच्या मुलीपाशी घमेल्यांचा खच पडतो. म्हणून दणकट पोरं चढावर, बाकीचे सपाटीला, आणि ज्याचे हात भरून आलेत त्याने लाज न बाळगता सांगायचं. हे ठरवायला फार अक्कल लागत नाही. पण त्या गलक्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगावं लागतं, आणि मी घरात 'मुलीच्या जातीने हळू बोलावं' ऐकत वाढलेली. त्या दिवशी माझा आवाज पार पलीकडच्या काठापर्यंत गेला.

दुसरी शाळा स्वयंपाकाची. पाळी सगळ्यांची, मुलांचीसुद्धा, असं मॅडमनी पहिल्याच रात्री सांगून टाकलं होतं. एका मुलाने कणीक मळायला घेतली. पाणी जास्त झालं म्हणून पीठ, पीठ जास्त झालं म्हणून पाणी. शेवटी परात अपुरी पडली. मदतीला आलेल्या गावातल्या काकूंची हसून मुरकुंडी वळली, मग त्यांनीच त्याला शेजारी बसवून शिकवलं. पण खरी गोष्ट रात्री घडली. आढावा बैठकीत सगळे गोलात बसायचो आणि गटागटाने दिवसाचा हिशोब द्यायचा. सर कोपऱ्यात बसून नुसते ऐकायचे. तिथे हाच मुलगा उठून म्हणाला, 'आज वाढलं तेव्हा कळलं. आम्ही पोरं पहिल्या पंगतीला बसून भाजी संपवतो, आणि रांधणाऱ्यांना नुसती आमटी उरते.' दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकाची पाळी ज्यांची, ते पहिल्या पंगतीला. सरांनी तोंडही उघडलं नव्हतं.

सात दिवसांत माणूस बदलून येतो असं मी म्हणणार नाही. घरी परतल्यावर आठवडाभरात मी पुन्हा आठला उठायला लागले. पण अनोळखी माणसांत काम सुरू करायची धास्ती गेली ती गेलीच. आज पतसंस्थेत नवा विभाग हाती आला की पहिल्या दिवशी मी सूचना देत नाही. कुणाला काय येतं आणि कुणाला कधी विचारलंच गेलेलं नाही, ते हेरत फिरते.

तेव्हा पाठवा. फक्त सही करण्याआधी कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना दोन गोष्टी विचारा. काम गावाने सुचवलंय की कॉलेजने परस्पर ठरवलंय? आणि स्वयंपाकाची पाळी कुणाकुणाची? 'स्वयंपाकाचं काय, मुली बघतील' असं उत्तर आलं, तर घरच्या भाकऱ्या चुकवून तिथल्या थापायला पोरीला धाडू नका, आणि नकार का देताय तेही त्यांना स्पष्ट सांगा.