नीलला कुठल्या तिथीला जायचं?

आमचं अंदमान ठरलं तेव्हा मी एक्सेल शीट वगैरे करून अगदी व्यवस्थित कामाला लागले होते, फेब्रुवारीत सहा दिवस, मुक्काम सगळा पोर्ट ब्लेअरलाच (आता श्री विजयपुरम झालंय, पण आमच्या घरात अजून पोर्ट ब्लेअरच चालू आहे), कारण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षच झालंय आणि दर दोन दिवसांनी बॅगा भरा, जेट्टीवर ओढा, नवीन हॉटेलात उघडा हे तिला जमणार नाही. सेल्युलर जेल बाबांसाठी, त्यांना सावरकरांची कोठडी बघायची आहे हे मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. आणि एक दिवस नील बेटावर, सकाळच्या बोटीने जायचं आणि संध्याकाळी परत. आता अधिकृत नाव शहीद द्वीप. बाकी सगळं सोपं होतं, या एका दिवसाने मात्र आमच्या घरात आठवडाभर चर्चा घडवली आणि ती इतकी छान झाली की लिहून ठेवावीशी वाटली, शिवाय कोणी जाणार असेल तर उपयोगही होईल.

नीलला बघायचं काय, तर भरतपूर बीच, लक्ष्मणपूर बीच आणि लक्ष्मणपूर नंबर दोनला असलेला नैसर्गिक दगडी पूल. समुद्राने खडक पोखरून पोखरून कमान केलीय, तिथले लोक त्याला हावडा ब्रिज म्हणतात कारण बेटावरची बरीच कुटुंबं मूळची पूर्व बंगालची, फाळणीनंतर विस्थापित झालेल्यांना सरकारने इथे वसवलं. त्यांनीच शेती केली, आजही पोर्ट ब्लेअरची बरीच भाजी नीलवरून येते. गावांची नावं पण बघा, रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. माझ्या लेकीने नकाशा बघून विचारलं की शत्रुघ्न कुठे आहे, मला काही उत्तर देता आलं नाही.

तर त्या पुलाची गोष्ट अशी की तो ओहोटीलाच बघता येतो. भरती असली की वाटच पाण्याखाली. ओहोटीला खडकांवरून, मेलेल्या पोवळ्यांच्या तुकड्यांवरून चालत जायचं आणि वाटेत खळग्यांमध्ये जे पाणी साचून राहतं त्यात छोटे मासे, खेकडे, समुद्रकाकड्या असं काय काय दिसतं. मला तर पुलापेक्षा ते खळगेच बघायचे होते. मी वाचलं होतं की "लो टाइडला जा", तेवढं वाचून मी बिनधास्त पौर्णिमेचा दिवस टाकला शीटमध्ये, कारण लेकीच्या शाळेच्या सुट्टीत तोच नीट बसत होता. आणि बाबांना फोन केला.

बाबा अलिबागचे. आता चाळीस वर्षं पुण्यात असले तरी समुद्राचं काहीही निघालं की आधी तिथी विचारतात. मी म्हटलं बाबा, नीलचं ठरलं, तर म्हणाले, "अगं पण तिथी कुठली?" मी कॅलेंडर बघून सांगितलं पौर्णिमा. "पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराला भरती असते आणि ओहोटी थेट दिवेलागणीला. तुझी बोट कितीला परत आहे?"

बोट चारच्या आसपास आणि जेट्टीवर त्याच्या बरंच आधी पोचायचं असतं. म्हणजे पाणी उतरायच्या वेळेला आम्ही सामान घेऊन लाइनीत उभे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडे किनारपट्टीवर एक जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते, तिथीमागे पाऊण तास त्यातूनच आलाय. बाबांच्या लहानपणी अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जायचं तर आजी आधी तिथी मोजायची आणि मगच पोरांना सोडायची. मी पण त्यांच्याबरोबर एकदा गेलेय, दुसरी-तिसरीत असेन, येताना पाणी माझ्या गुडघ्याला लागलं होतं आणि बाबांनी मला उचलून खांद्यावर घेतलं होतं, वरून किल्ला मागे मागे जाताना दिसत होता आणि दोन्ही बाजूंनी पाणी येत होतं. बाबांना वाटत होतं मी ते विसरले असेन, पण तो समुद्र मी कधीच विसरणार नाही.

पण बाबांचा हिशोब अलिबागचा, अंदमानचा समुद्र वेगळा. मी भरती-ओहोटीच्या ॲपवर पोर्ट ब्लेअर टाकून बघितलं तर पौर्णिमेची ओहोटी दुपारी साडेतीनच्या पुढेमागे निघाली, म्हणजे आपल्यापेक्षा दोनेक तास तरी आधी. बाबा आधी मानायलाच तयार नव्हते, म्हणाले ॲप चुकतंय. मग मी आणि लेक दोघी बसलो ॲटलास घेऊन. अलिबाग ७३ रेखांशाला, पोर्ट ब्लेअर जवळजवळ ९३ ला, म्हणजे वीस अंशांचा फरक, अंशाला ४ मिनिटं म्हणजे ८० मिनिटं. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण सूर्य आणि चंद्र तिकडे ८० मिनिटं आधी डोक्यावर येतात! उरलेला फरक त्या त्या समुद्राच्या आकाराचा आणि खोलीचा, बंगालच्या उपसागरातली लाट वेगळ्या वेळेला किनाऱ्याला लागते. हे बाबांना सांगितलं तेव्हा फोनवर जरा वेळ शांतता होती, मग म्हणाले, "बरोबर आहे, तिकडे दिवस पण लवकर मावळतो ना." तिकडे फेब्रुवारीतही साडेपाचच्या आत सूर्यास्त होतो. मला इतकं छान वाटलं सांगू, चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस आयुष्यभराचा हिशोब दुरुस्त करून घेतोय आणि वर स्वतःच त्याला पुरावा जोडतोय.

मग दुसरा प्रयत्न, अष्टमी. ओहोटी सकाळी दहाच्या सुमारास, बोट तोवर पोचते, जमतंय असं वाटलं. बाबा म्हणाले नको, अष्टमीला भांग असतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी ना धड चढत ना धड उतरत. सूर्य आणि चंद्र तेव्हा काटकोनात असतात, एकमेकांची ओढ कमी करतात. पुलापर्यंत कदाचित जाता येईलही पण ते खळगे उघडे पडणार नाहीत, आणि मला नेमके तेच बघायचे आहेत. म्हणजे कोडं असं झालं की पाणी खूप उतरतं त्या दिवशी ते उशिरा उतरतं आणि वेळेवर उतरतं त्या दिवशी पुरेसं उतरत नाही.

मधला दिवस बाबांनीच काढला, शुद्ध द्वादशी. अलिबागच्या हिशोबाने बारा पाऊण नऊ, नऊला भरती, त्यातून पोर्ट ब्लेअरचे पावणेदोन-दोन तास वजा केले की सातच्या सुमारास भरती आणि एक-सव्वाला ओहोटी. उधाण तीन दिवसांवर आलेलं असतं त्यामुळे पाणी बऱ्यापैकी उतरतं. ॲपमध्ये त्या तारखेला बघितलं तर पंधरा-वीस मिनिटांच्या फरकाने तेच! मी स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, बाबांनी नुसता नमस्कार पाठवला, पण आई म्हणाली की दिवसभर खुशीत होते.

आणि द्वादशी धरल्यावर बाकीचा दिवस आपोआप लागत गेला. सकाळी पोचल्यावर पाणी अजून वर असतं, तेव्हा आधी भरतपूर, ते जेट्टीच्या अगदी शेजारीच आहे. तिथे पाणी उथळ, तळाला पोवळी, त्यामुळे पाणी वर असतानाच पोहायला आणि काचेच्या तळाच्या बोटीत बसायला मजा, पाणी उतरलं की नुसते खडक. आईला बोटीत बसून पोवळी बघता येतील, तिच्यासाठी हेच मुख्य ठेवलंय. मग अकरा-साडेअकराला रिक्षा करून लक्ष्मणपूर दोन. बाबांचा नियम असा की पाण्यात शिरायचं ते ओहोटी चालू असताना, पाणी आपल्यापुढे जात असताना, आणि सुकती पूर्ण झाली की मागे फिरायचं, "अजून पाच मिनिटं" म्हणायचं नाही. म्हणून ओहोटीच्या तासभर आधी पुलाशी. आई तोपर्यंत वर सावलीत नारळपाणी घेऊन बसेल, नवरा तिच्याजवळ थांबेल, त्याला खळग्यांत काही इंटरेस्ट नाही असं त्याने स्वतःच सांगितलंय. बाबांना मात्र यायचंच आहे, खडक शेवाळलेले असतात म्हणून मी काळजीत होते, पण चपला घालून येणार नाही, मागे पट्टा असलेले रबरी तळव्याचे सँडल घालीन असं कबूल करून घेतलंय आणि माझा हात धरायचा हेही. मग जेवण, तिथल्या बंगाली हॉटेलात मोहरीच्या तेलातली मच्छी खाऊन बघायची. मग जेट्टी. लक्ष्मणपूरचा सूर्यास्त सुंदर असतो म्हणतात पण एका दिवसात तो बसत नाही, तो सोडलाय, वाईट वाटलं पण पूल आणि सूर्यास्त दोन्ही पाहिजे असेल तर बेटावर एक रात्र राहावंच लागतं. ज्यांच्या घरी गुडघे बरे आहेत त्यांनी जरूर राहा.

बोटीबद्दल थोडं. सरकारी बोट आणि खासगी कॅटामरान दोन्ही आहेत, सरकारी स्वस्त आणि वेळ जास्त घेते. येण्याजाण्याचं तिकीट एकदमच काढा, परतीची सीट नसेल तर दिवसभर डोक्याला तोच ताप. फिनिक्स बे आणि हॅडो या पोर्ट ब्लेअरमधल्या दोन वेगळ्या जेट्ट्या आहेत, तिकिटावर कुठली आहे ते नीट बघा. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, सगळ्यांचं. रोख पैसे पण, नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर जायचा प्लॅन अजिबात करू नका. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं विमान असंच चुकलं होतं, मधे एक दिवस मोकळा ठेवला असता तर काहीच झालं नसतं.

लेकीला एक गोष्ट आत्तापासून सांगतेय, शंख-शिंपले आणि पोवळ्याचे तुकडे उचलून आणायचे नाहीत, मेलेले सुद्धा नाहीत. कायद्यानेही बंदी आहे आणि विमानतळावर सामानात सापडले तर काढून घेतात. आपल्याकडे बीचवरून मूठभर शिंपले आणायची तिला सवय आहे त्यामुळे तिला ते पटायला वेळ लागला. मी म्हटलं त्या रिकाम्या शंखात उद्या कुठला तरी खेकडा राहायला येतो, तर आता ती म्हणते मी फक्त फोटो काढीन आणि कोण कोण राहतंय ते लिहून आणीन. वही घेतलीय त्यासाठी वेगळी.

नावाचं पण सांगते, कारण बाबांनी जेवताना तिला ते सांगितलं आणि माझ्याही ते नीट लक्षात नव्हतं. नील हे नाव जेम्स नील या इंग्रज अधिकाऱ्याचं, १८५७ च्या उठावात अलाहाबाद-कानपूर भागात त्याने अतिशय क्रूरपणे लोकांना मारलं. शेजारचं हॅवलॉक हेही त्याच उठावात इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या सेनापतीचं. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला आणि अंदमान-निकोबारसाठी शहीद आणि स्वराज ही नावं सुचवली, त्याला ७५ वर्षं झाली तेव्हा २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं. मी वर सगळीकडे नील लिहिलंय कारण बोटीचं बुकिंग शोधताना अजून तेच नाव टाकते, पण हे कळल्यापासून बोलताना मी शहीद द्वीप म्हणायला लागलेय. लेक तर पहिल्या दिवसापासून तेच म्हणते.

तिकिटं काल रात्री काढली, द्वादशीची, पाचही. बाबांनी कॅलेंडरवर पेन्सिलने त्या तारखेला "१" लिहून गोल केलाय, म्हणजे ओहोटी एकला. आणि दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात "२". मी विचारलं हे कशाला, तर म्हणाले बोट रद्द झाली तर त्रयोदशीला जाऊ, ओहोटी दोनला असेल, चारची बोट धरायची म्हणजे आईला रिक्षातच बसवून ठेवावं लागेल आणि आपल्याला पुलापासून जरा भराभर चालावं लागेल, तेवढं मी चालेन.

त्रयोदशी मोकळी ठेवलीय.