बाईंचा सडा, माझी काळी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवातल्या बाईंच्या सत्काराची पत्रिका सोलापूरला मिळाली आणि त्याच दिवशी रजेचा अर्ज दिला. भूगोलाच्या बाई म्हणजे कोण, हे आपल्या शाळेत कुणाला सांगायला नको.

गणपतीच्या सुट्टीआधी जरा उघडीप मिळाली की बाई सातवीचा वर्ग शाळेमागच्या सड्यावर, म्हणजे आपल्या कोकणातल्या उघड्या कातळी पठारावर, न्यायच्या. कातळावर सीतेची आसवं, ही चिमुकली रानफुलं, निळी-जांभळी पसरलेली असायची. त्यांच्यावर पाय न देता चालायचं, हा पहिला धडा. कातळावर अन्न मिळत नाही म्हणून ही एवढीशी झाडं बारीक जीव पकडून पोट भरतात, हे तिथंच ओणवं होऊन पाहिलं.

एकदा बाईंनी जांभ्याच्या, म्हणजे इथल्या लाल सच्छिद्र दगडाच्या, कोरड्या चिऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलं. बघता बघता ते आत मुरलं. मग पिशवीतून काळ्या मातीचं ढेकूळ काढलं, घाटावरच्या त्यांच्या माहेरचं. भिजवून प्रत्येकाच्या तळहातावर थोडं थोडं ठेवलं. आम्ही लाल मातीतली पोरं. तो चिकटा बोटांवरून सुटेना आणि हसू आवरेना. बाईंनी पोटभर हसू दिलं, मग म्हणाल्या, "दोघी एकाच काळ्या दगडाच्या लेकी. एकीच्या वाट्याला पाऊस जास्त आला, एवढंच." आपल्याकडच्या ३००० मिलिमीटरहून अधिक पावसानं दगडातलं बाकी सारं धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं, तो जांभा. घाटापलीकडे पाऊस कमी, चुना जागेवरच राहिला, ती काळी.

दापोलीला कृषीची पदवी घेतली आणि सोलापुरात माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत लागले. मंगळवेढ्याचं शिवार प्रथम पाहिलं ते उन्हाळ्यात. डोंगर नाही, सावली नाही, हात जाईल एवढ्या भेगा. "कोकणातून आलात, इथं करमायचं नाही," असं सगळे म्हणत. मी ढेकूळ उचललं, बाटलीतल्या पाण्यात भिजवलं. तोच चिकटा! त्या क्षणी बाई शेजारी उभ्या असल्यासारखं वाटलं.

इथं वर्षाचा पाऊस ५५० मिलिमीटरच्या आसपास. हस्त बरसला, वापसा आला, म्हणजे माती पेरणीजोगी सुकली, की मालदांडी ज्वारी पेरतात. पुढं थेंब पडला नाही तरी ही माती पोटातली ओल पुरवून पुरवून कणीस भरवते. आपल्याकडे मात्र एवढं कोसळूनही मे महिन्यात विहिरी तळाला जातात, कारण पऱ्यांनी, म्हणजे ओढ्यांनी, सारं पाणी केव्हाच समुद्राला नेलेलं असतं. सड्याचं हे दुखणं मला काळीत राहून उमगलं, आणि काळीचं मोठेपण सड्यावर शिकले होते म्हणून दिसलं. जानेवारीत नजर पोचेल तिथवर ज्वारी डोलते तेव्हा समुद्राची आठवणही होत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा माझ्याच माहेरचा सन्मान झाल्यासारखा आनंद झाला.

गेल्या खेपेला सड्यावर गेले होते. अर्धा सडा चिरेखाणीनं खाल्लाय. आसवं फुलायची तिथं चौकोनी खड्डे आहेत, त्यांत हिरवट पाणी साचलंय. फार वाईट वाटलं. उरलेला सडा तरी शाळेनं ग्रामपंचायतीकडे शब्द टाकून राखावा. आणि सातवीचा वर्ग दर सप्टेंबरात तिथं न्यावा, अशी सुवर्णमहोत्सव समितीला माझी कळकळीची विनंती आहे. काळ्या मातीची पोती मी पाठवते.