लोणारचे तीन दिवस आणि दहा कोटी पिक्सेल

“रस्ता जाते का इकून?”

कपाशीच्या धुऱ्यावर ट्रायपॉड उभा करून दहा मिनिटंही झाली नव्हती, तर शेताचे मालक विळा हातात घेऊन हजर. समृद्धी महामार्ग मेहकरजवळून गेल्यापासून या भागात तीन पायांवर काहीही उभं दिसलं की माणसाला आधी सातबारा आठवतो. मी मोजणीवाला नाही हे पटवायला त्यांना पडद्यावर त्यांचंच शेत मोठं करून दाखवावं लागलं. चौथ्या तासातलं (ओळीतलं) बोंड ओळखून ते म्हणाले, “बोंडअळी बी दिसते का यात?” तेवढं मात्र दिसत नव्हतं. तेव्हा पहिला सल्ला हाच: शेतात शिरण्याआधी विचारा, आणि विचारेपर्यंत ट्रायपॉड गुंडाळलेलाच असू द्या.

नोव्हेंबरचा शेवट, वेचणीचे दिवस. अकोल्याहून मालेगाव जहांगीर, मेहकर करत लोणार. कॅमेरा भाड्याचा, फुजीफिल्म जीएफएक्स १००एस. बॉडी साधारण ९०० ग्रॅम, म्हणजे वाटते तेवढी जड नाही. जड असतात त्या लेन्स. जीएफ ४५-१०० आणि ११० मिमी, दोन्ही किलोकिलोच्या. त्यात ट्रायपॉड आणि दोन बाटल्या पाणी. कमळजा देवीच्या देवळाकडे विवरात उतरताना काही वाटत नाही, चढताना मात्र प्रत्येक ग्रॅमचा हिशोब लागतो. दुसऱ्या दिवशी मी ११० खोलीवरच ठेवली.

हा कॅमेरा मीडियम फॉरमॅट, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या सेन्सरचा. मीडियम फॉरमॅट म्हटलं की आपल्याला १२० ची रुंद फिल्म आठवते. हा सेन्सर तेवढा मोठा नाही. ४३.८ बाय ३२.९ मिमी, म्हणजे फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) क्षेत्रफळाच्या १.७ पट. त्यामुळे ‘मागचं सगळं विरघळून जातं’ या आशेवर भाडं भरू नका. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि मागचं जास्त धूसर; जीएफचा एफ ४ हा फुल फ्रेमवरच्या एफ ३.२ सारखा वागतो. माझ्या जुन्या कॅमेऱ्यावरची ८५ मिमी एफ १.८ याहून जास्त विरघळवते, आणि ती खिशात मावते.

मग याचा फायदा कुठे? लोणारच्या काठावर सकाळी पावणेसातला. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, समोरचा कडा सावलीत काळा, वर उजळत गेलेलं आभाळ. मी आभाळ जपून एक्सपोजर घेतलं आणि घरी सावल्या तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उचलल्या. बेसॉल्टचा पोत, झुडपांच्या फांद्या, सगळं स्वच्छ वर आलं, रंगीत ठिपक्यांचे किडे किडे झाले नाहीत.

पण हे फक्त सकाळी. दहा वाजता त्याच जागेवरून तीच फ्रेम घेतली आणि शंभर टक्के मोठी करून पाहिली, तर समोरचा कडा पाण्यात बुडाल्यासारखा हलत होता. उतार तापतो, हवा थरथरते, आणि १०२ मेगापिक्सेल ती थरथर इमानेइतबारे नोंदवतात. मोबाईलवर हा फरक कळलाही नसता. लांबचं जे काही काढायचं ते साडेआठच्या आत उरका. ऊन चढलं की जवळच्या दगडांकडे वळा.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते कपाशीने. पुढे मीटरभरावर फुटलेलं बोंड, मागे झाडापर्यंत शेत, दोन्ही लख्ख हवं. एफ १६ केलं तर डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, सगळंच जरा मऊ पडतं. ज्या बारकाईसाठी एवढं ओझं आणलं तीच जाते. एफ ११ वर ती टिकते, पण बोंड किंवा झाड, एक काहीतरी सोडावं लागतं. कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग आहे, तो स्वतःच फोकस सरकवत बारा-पंधरा फ्रेम घेतो आणि त्या घरी जोडायच्या. कागदावर उत्तम. पण वारा थोडा जरी सुटला की पहिल्या फ्रेममधलं बोंड शेवटच्या फ्रेममध्ये दुसरीकडेच असतं. तीन सकाळींत एकच जोडणी जमली, तीही धुकं असताना, वारा पडलेला होता म्हणून.

दैत्यसूदन मंदिर गावातच आहे. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये ट्रायपॉडला परवानगी लागते, ती आधी काढा. मी काढली नव्हती. हाताची थरथर सावरणाऱ्या बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनवर १/१५ सेकंदाला हातातच निभावलं. आवाज नको म्हणून आत इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, ती मात्र चूक. एवढा सेन्सर ओळीओळीने वाचायला वेळ लागतो, आणि ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते. छतावरच्या कोरीवकामावर आडवे पट्टे आले. मेकॅनिकल शटरच ठेवा, देव रागावत नाही.

दुपारी वेचणाऱ्या बायांचे फोटो काढताना फ्लॅशने पदराखालची सावली भरायची होती. याचा सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात जलद शटर वेग, १/१२५ सेकंद, त्या उन्हात काहीच जमत नाही. हेच मुख्य काम असेल तर हॅसलब्लाडचा विचार करा. त्यांच्या एक्ससीडी लेन्समध्ये लीफ शटर (लेन्सच्या आतलंच शटर) असतं आणि १/२००० लाही फ्लॅश चालतो. मी आपला जुना कॅमेरा काढला. एक मावशी म्हणाल्या, “दादा, आत्ताच पाठव ना, पोरगी पुण्याले हाये.” शेवटी त्यांच्याच मोबाईलवर काढून दिला, आणि त्या दिवशी लगेच कुणाच्या कामी आला तो तोच फोटो.

फाइलींचं सांगतो. अनकंप्रेस्ड रॉ (सेन्सरची कच्ची, न दाबलेली फाइल) एकेक २०० एमबीच्या आसपास. पहिल्या दिवशी ती सेटिंग बदलायची राहिली, ३०० फ्रेममध्ये ६० जीबी संपले. रात्री लॅपटॉपवर उतरवताना लाईन गेली ती पहाटे आली. लॉसलेस कंप्रेस्डवर (काही न गमावता दाबलेल्या फाइलवर) जवळपास निम्मी जागा लागते आणि डोळ्याला फरक दिसत नाही. बॅटरी यूएसबी-सीने चार्ज होते, त्यामुळे गाडीत पॉवर बँक असेल तर लाईनवर अवलंबून राहावं लागत नाही.

आणि कपाशीच्या शेतात लेन्स बदलू नका. मी दोनदा बदलली. परत देताना दुकानदाराने एफ १६ वर पांढरी भिंत टिपली, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात रुईचा एक बारीक तंतू निघाला. सेन्सर साफ करायचे पैसे डिपॉझिटमधून गेले.