टीव्हीवरची मारामारी : कार्टूनपेक्षा मला आपल्याच सिरीयलची जास्त काळजी वाटते

मुलं टीव्ही बघून मारामारी शिकतात का, हा विषय निघाला की सगळे आधी कार्टूनवरच घसरतात. ते अगदीच खोटं नाही, पण रात्री जेवताना आपण मोठी माणसं जे लावतो ना, त्या क्राईमवाल्या सिरीयल आणि बातम्या, त्याबद्दल कोणी बोलतच नाही.

अल्बर्ट बांडुरा म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, अमेरिकेत स्टॅनफर्डला. त्यांचा 1961 चा बोबो बाहुलीचा प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतो, म्हणजे मोठं माणूस त्या हवा भरलेल्या बाहुलीला मारतं आणि ते बघून मुलंही तसंच मारतात. पण मला 1965 चा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात मुलांना फिल्म दाखवली, मारणारा तोच, शेवट मात्र वेगवेगळे. काही मुलांनी बघितलं की त्याला खाऊ मिळाला, काहींनी बघितलं की त्याला ओरडा आणि मार बसला, आणि काहींच्या फिल्ममधे पुढे काहीच झालं नाही. शिक्षा बघितलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. इथपर्यंत बरं वाटतं. पण नंतर मुलांना सांगितलं की त्याने काय काय केलं ते करून दाखव, बक्षीस देऊ, तर शिक्षा बघितलेल्या मुलांनीही बाकीच्यांइतकंच करून दाखवलं! म्हणजे शिकली सगळीच होती, काहींनी फक्त बाहेर काढलं नव्हतं.

आता आपल्या सिरीयलचा विचार करा. पाऊण तास कट, पाठलाग, गळा दाबणं, सगळं सावकाश दाखवतात आणि शेवटच्या पाच मिनिटांत बेड्या. आपण म्हणतो, बघ, पकडला की नाही शेवटी. पण पोराने तो पाऊण तास पण बघितलाय ना!

आणि मारामारीपेक्षा जास्त मला खटकते ती भीती. माझा मुलगा सात वर्षांचा, शांत आहे, कोणावर हात उगारत नाही, त्यामुळे घरात सगळे म्हणायचे याच्यावर काही परिणाम नाही. मग तो बाथरूमला एकटा जाईना. बेल वाजली की आत पळायचा. एकदा विचारतो, "आई, कुरियरवाले काका खरंच कुरियरवाले असतात का गं?" मला धस्स झालं. जॉर्ज गर्बनर नावाच्या संशोधकाने हेच सांगितलं होतं, खूप टीव्ही बघणाऱ्यांना जग आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटायला लागतं. भांडखोर मुलाची निदान शाळेतून तक्रार येते, घाबरलेल्या मुलाची कोण करणार?

टीव्ही आला की मुलं बिघडतातच असंही मी म्हणत नाहीये. सेंट हेलेना बेटावर 1995 मधे टीव्ही पहिल्यांदा पोचला, संशोधकांनी शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांचं आधीचं आणि नंतरचं वागणं तपासलं, तर मुलं जास्त मारकुटी झालेली दिसली नाहीत. छोटं बेट, सगळे एकमेकांना ओळखणारे, मुलांवर मोठ्यांचं लक्ष, हे त्यामागचं एक कारण असावं असं त्या संशोधकांनाही वाटलं आणि मला ते पटतं.

म्हणून सासूबाईंशी बोलले. "आई, तुम्ही ती सिरीयल हा झोपल्यावर बघाल का? मोबाईलवर लावून देते." आधी थोड्या नाराज झाल्या, मग कुरियरवाल्या काकांचं सांगितल्यावर स्वतःच म्हणाल्या, "अगं बाई, हे मला माहीतच नव्हतं." आता त्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात, तो शाळेत गेल्यावर.

बातम्यांवरून मात्र सासऱ्यांशी अजून वाद चालूच आहे. एकच सीसीटीव्ही फुटेज, लाल गोल काढून, ढॅण ढॅण म्युझिक लावून परत परत दाखवतात आणि बाबा म्हणतात, जगात काय चाललंय ते मुलांना कळायला नको का? कळू दे ना, पण मी सांगेन, पेपर हातात घेऊन, त्याला जेवढं विचारायचंय तेवढं विचारू देऊन. जेवताना टीव्ही बंद, एवढं तरी मी या महिन्यात त्यांच्याकडून मान्य करून घेणार आहे.