उशीवरून दिसणारा हात

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं तोंड साफ करणं हे काम घरात कोणाच्याच नावावर नसतं. औषधांचा तक्ता फ्रिजवर चिकटवलेला असतो, डायपर कधी बदलला याची वही असते, कूस कधी बदलायची हे सगळ्यांना पाठ असतं. दातांचा विषय मात्र "घासते की ती सकाळी" एवढ्यावर मिटतो. मी दातांची डॉक्टर. पुण्यात घरोघरी जाऊन वयस्कर पेशंट तपासते आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायका-मुलींना तोंडाची निगा कशी राखायची ते शिकवते. सध्या या शिकवण्यात मी व्हीआर हेडसेट वापरते आहे, म्हणजे डोळ्यांवर बांधायचा असा पडदा, ज्यात आपण दुसऱ्याच जागी आहोत असं वाटतं. त्याबद्दल बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अर्धांगवायू झालेल्या माणसाला लुळ्या बाजूच्या गालात काय अडकलंय ते कळत नाही. दुपारच्या पोळीचा बोळा रात्री तिथेच सापडतो. तोंडात वाढलेले जंतू झोपेत लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. जपानमध्ये योनेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ नर्सिंग होममधल्या वृद्धांचा दोन वर्षं अभ्यास केला. १९९९ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ज्यांचे दात प्रत्येक जेवणानंतर कोणीतरी घासून दिले त्यांच्यात न्यूमोनियाचं प्रमाण ११ टक्के होतं, बाकीच्यांत १९ टक्के. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत इतका ठळक फरक दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण दुखणारी दाढ सांगता न येणारा माणूस जेवणच सोडतो, हे मी सतत बघते, आणि तेवढं कारण मला पुरेसं आहे.

त्यात काळही बदललाय. आमच्या आजीच्या पिढीत ऐंशी गाठलेल्या माणसाच्या तोंडात फार तर कवळी असायची. आता त्या वयात कॅप, ब्रिज, इम्प्लांट असतात. जपानने तर १९८९ पासून 'ऐंशीव्या वर्षी वीस दात' अशी मोहीमच चालवली. दात टिकले याचा मला आनंदच आहे, पण हात थरथरायला लागल्यावर ते घासायचे कोणी?

घासणारी असते ब्यूरोतून, म्हणजे घरी रुग्ण सांभाळायला बायका पाठवणाऱ्या संस्थेतून, आलेली ताई. बीड, लातूर, परभणीकडची, बारा तासांच्या नाहीतर चोवीस तासांच्या ड्युटीवर. यांतल्या काही जणी स्वतः मिश्री लावतात, बोटाने. त्याच सवयीने पेशंटच्या तोंडातही बोट जातं, आजी चावतात, आणि वहीत नोंद होते, "तोंड उघडत नाहीत". यात त्यांचा दोष नाही, कारण त्यांना हे कोणी शिकवलेलंच नसतं. वर्गात प्लास्टिकच्या दातांवर त्या भराभर शिकतात: ब्रश हिरडीच्या कडेला तिरका, वाटाण्याएवढी पेस्ट, पाठीला आधार देऊन पेशंट बसवलेला, हनुवटी किंचित खाली म्हणजे ठसका लागत नाही. घरी गेल्यावर मात्र पेशंट ओठ घट्ट मिटतो, हात झटकतो, आणि शिकलेलं सगळं तिथेच थांबतं.

रीटा जॅब्लोन्स्की या अमेरिकेतल्या परिचारिका-संशोधकांनी नेमकं यावरच काम केलंय. त्यांचं म्हणणं असं, की डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या माणसाला दात घासणं हा हल्ला वाटतो, म्हणून आधी ती भीती कमी करा. समोर उभं राहून वाकू नका, नजरेच्या पातळीला या. पेशंटच्या हातात दुसरा एक ब्रश द्या. जमलं तर ब्रश त्यांच्याच हातात देऊन वर आपला हात ठेवा. लहान मुलाशी बोलतो तसं बोलू नका. आपल्याकडे निवृत्त मुख्याध्यापकांनाही "आ करा बघू, शहाणं बाळ ते" म्हणतात. प्रेमानेच म्हणतात, पण ऐकणाऱ्याचं तोंड त्याने अजून मिटतं.

हे मी तोंडाने किती वेळा सांगितलं असेल! माना डोलायच्या. उशीवर डोकं ठेवून ते दिसल्यावर मात्र कळतं, आणि हेडसेटचा माझ्या लेखी खरा उपयोग हा एवढाच आहे. एम्बॉडीड लॅब्ज ही अमेरिकन कंपनी अशा प्रकारचं काम करते. त्यांच्या एका अनुभवात आपण आल्फ्रेड नावाच्या ७४ वर्षांच्या गृहस्थाच्या नजरेतून बघतो, ज्यांना मध्यभागी दिसत नाही आणि नीट ऐकूही येत नाही. पण ते इंग्रजीत, तिकडच्या घरात. मला ट्यूबलाइट हवी होती, मच्छरदाणीचा दांडा हवा होता, मराठी हवी होती. म्हणून ३६० अंशांचा, म्हणजे चहूबाजूंचं टिपणारा, कॅमेरा उशीच्या उंचीवर लावून दोन छोट्या फिल्म केल्या. भाच्याने मोतीबिंदूसारखं चित्र धूसर केलं, आवाज दबका केला.

पहिल्या फिल्ममध्ये वर फक्त छत आणि पंखा. मग डावीकडून, काही न बोलता, एक हात येतो. एवढ्या जवळून तो हात प्रचंड मोठा दिसतो. ब्रश दिसायच्या आधी अंगठा हनुवटीवर येतो. दुसऱ्या फिल्ममध्ये तीच ताई खुर्ची ओढून शेजारी बसते, तिचा चेहरा दिसतो, ती "आजी, दात घासूया का?" विचारते, ब्रश दाखवते, खांद्याला हात लावते, मग ओठाला. दोन्हींत काम तेच.

वर्गात हे आरामखुर्चीत मागे रेलवूनच दाखवते. उभ्याने चक्कर येते आणि अनुभवही येत नाही. अंबाडा सोडावा लागतो, पट्टा बसत नाही नाहीतर. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही यातून तितकंच मिळतं, ही मला याची सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते.

लातूरकडच्या एका ताईंनी पहिली फिल्म बघताना ओठ गच्च दाबून घेतले आणि त्या हाताला ओरडल्या, "अगं बाई, आधी सांगशील का न्हाई!" बाकीच्या हसल्या. ताई हसल्या नाहीत. हेडसेट काढून थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "आमच्या बाबांना डाव्या कानानं ऐकू येत न्हाई, अन् मी रोज डावीकडूनच जाते. उजवीकडं भिंत हाय." मी त्या घरी फोन केला. मुलाने त्याच दिवशी पलंग भिंतीपासून सरकवला. आता त्या उजवीकडून जातात आणि बाबा पुष्कळदा तोंड उघडतात. रोज नाही, पण पुष्कळदा.

हेडसेटने सगळंच शिकवता येतं असं विकणारेही भेटतात, ते मला पटत नाही. हातातल्या रिमोटचा ब्रश करून हवेत फिरवायचा आणि पडद्यावरच्या दातांवरचे डाग पुसायचे, असा एक प्रकार मी वर्गात करून पाहिला. सगळ्यांना पैकीच्या पैकी. मग एकमेकींचे दात खरोखर घासायला लावले आणि वर चिकट थर रंगवणारं द्रव्य लावलं. खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू जवळजवळ सगळ्यांची गुलाबीच, म्हणजे न घासलेली, निघाली. रिमोटला ओली जीभ ढकलत नाही, गाल आड येत नाही, हिरडीतून रक्त आल्यावर आपला हात थबकतो तेही त्यात नाही. हात हातानेच शिकतो. ती फिल्म फक्त नजर बदलते, आणि त्यानंतर लगेच खरा ब्रश हातात द्यावा लागतो.

खरी अडचण हेडसेटची नाहीच. एका ब्यूरोने मला सांगितलं, शिकवा की, पण ड्युटी सोडून नाही. म्हणजे चोवीस तासांच्या ड्युटीतल्या बाईने आपल्या एकुलत्या सुट्टीत, बिनपगारी शिकायचं. मला हे मान्य नाही. मी आता घरच्यांशीच बोलते: अर्धा दिवस तुम्ही थांबा, ताईंना पगारी पाठवा. बरेच तयार होतात, विशेषतः ज्यांच्याकडे न्यूमोनियासाठी एकदा हॉस्पिटलात जाऊन आलेलं माणूस आहे.

पुढची फिल्म नाकातून नळी असलेल्या पेशंटच्या नजरेतून करायची आहे. तोंडाने काही खात नाहीत, मग घासायचं काय, असं घरचे सर्रास विचारतात. पण चावणं नाही, गिळणं नाही, म्हणून लाळ तोंड धूतच नाही. टाळूवर वाळलेल्या चिकट लाळेची पापुद्र्यासारखी खपली धरते. ती ओढून काढली तर रक्त येतं. आधी ओल्या, नीट पिळलेल्या गॉजने भिजवायची, मऊ झाली की हळूच पुसायची, आणि या सगळ्या वेळात डोकं उंचावर आणि मान एका बाजूला ठेवायची. तुमच्या घरी नळीवरचं माणूस असेल तर फिल्मची वाट बघू नका. टॉर्च घेऊन आज त्यांची टाळू बघा.