सीए ऑफिसचा लॅपटॉप: आधी पोर्ट बघा, प्रोसेसर नंतर

दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "आय-फाइव्ह घ्या, पाच वर्षं बघायला नको." नाशिकच्या कॅनडा कॉर्नर, शरणपूर रोडकडच्या चार-पाच टेबलांच्या ऑफिसात प्रोसेसरमुळे काम क्वचितच अडतं. टॅली, एक्सेल आणि ब्राउझरच्या पंधरा टॅब आजचा कुठलाही मधल्या दर्जाचा प्रोसेसर ओढतो. अडतं ते डीएससीवर, म्हणजे रिटर्नवर करायच्या डिजिटल सहीवर.

ही सही ज्या पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते, ते अजून बहुतेक रुंद यूएसबीचंच, म्हणजे टाइप-ए. देखण्या पातळ लॅपटॉपला नुसते दोन टाइप-सी असतात. मग जास्तीचे पोर्ट देणारा हब येतो, आणि हब स्वस्तातला असला की सही चालू असतानाच टोकन क्षणभर सुटतं आणि सगळं पहिल्यापासून. लॅपटॉपच्या अंगावरच किमान दोन टाइप-ए हवेत: एक टोकनला, एक माउसला. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाल्या लॅपटॉपची बॅटरी भुरळ घालते, पण त्यावरची विंडोज एआरएम जातीची, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेच्या चिपसाठीची. नेहमीचे प्रोग्रॅम तिच्यावर चालून जातात, ड्रायव्हर मात्र खास एआरएमसाठीच बनवलेला लागतो. आपल्या टोकनचा आणि जुन्या प्रिंटरचा तसा ड्रायव्हर आहे का, हे पैसे देण्याआधी बघा. मॅकवर टॅली थेट बसतच नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

व्हाउचर एंट्री करणाऱ्याला नंबर पॅड हवाच, म्हणजे 15.6 इंची. पण सगळे नंबर पॅड सारखे नसतात. काहींत तो कोपऱ्यात दाबून बसवलेला असतो. बटणं अरुंद, शून्याचं बटणही इतरांएवढंच. अंगठा सवयीने शून्यावर जातो आणि पडतो उजवा बाण. दुकानातच वीस-पंचवीस रकमा टाइप करून बघा, दुकानदार कितीही कंटाळला तरी. सातपूर-अंबडला स्टॉक ऑडिटसाठी दुचाकीवरून जाणाऱ्या आर्टिकलला, म्हणजे सीएच्या प्रशिक्षणार्थीला, मात्र 14 इंचीच द्या, सोबत यूएसबीचा सुटा नंबर पॅड.

रॅम 16 जीबी. आठवर विंडोज उघडते, पण वर्षभराचं जीएसटीआर-2बी (जीएसटी पोर्टलवरचं खरेदीच्या क्रेडिटचं पत्रक) खरेदीच्या रजिस्टरशी जुळवायला घेतलं की एक्सेल "नॉट रिस्पॉन्डिंग" म्हणत पांढरं पडतं. रॅम बोर्डाला सोल्डर केलेली आहे की स्लॉट आहे, हेही विचारा. 8 जीबी सोल्डर आणि एक स्लॉट रिकामा असेल तर चालेल, नंतर वाढवता येते. सगळी सोल्डर असेल तर पहिल्याच दिवशी 16ची घ्या. साठवणूक 512 जीबी एसएसडी, फार विचार नको.

एएमडीच्या रायझेन प्रोसेसरच्या 7000 मालिकेत आकड्याची गंमत आहे. 7520यू आणि 7530यू शेजारी ठेवले तर फरक दहाचा वाटतो. पहिला चार कोरचा, जुन्या झेन 2 रचनेचा. दुसरा सहा कोरचा, झेन 3चा. पिढी तिसऱ्या अंकात असते. लेबलवर मोठ्या अक्षरात नुसतं "रायझेन 5" लिहिलेलं असतं, पुढचा नंबर मागून घ्या.

घरून ऑफिसच्या मशिनवर रिमोट डेस्कटॉपने काम करायचं असेल तर ऑफिसच्या मशिनला विंडोज प्रो लागते, घरच्याला होम चालते. बाहेर फिरणाऱ्या लॅपटॉपवर क्लायंटचे पॅन-आधार असतात, म्हणून त्यावर डेटा कुलूपबंद ठेवणारं एन्क्रिप्शन चालू ठेवा आणि ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की छापून तिजोरीत. ती त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून ठेवणारे महाभाग आहेत!

सेकंडहँड घेताय? विंडोज 10चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला, त्यामुळे इंटेल आठव्या पिढीच्या खालचं घेऊ नका. विंडोज 11 अधिकृतपणे बसणार नाही. बॅटरी तपासायला कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाका. तयार झालेल्या फाइलमध्ये मूळ क्षमता आणि आताची फुल चार्ज क्षमता शेजारी दिसतात. आताची निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून घ्या.

वॉरंटी ऑनसाइट हवी, म्हणजे दुरुस्तीला माणूस ऑफिसात येतो. कॅरी-इन म्हणजे सप्टेंबरच्या टॅक्स ऑडिटात मशिन सर्व्हिस सेंटरच्या फळीवर. बिझनेस मालिकेचे लॅपटॉप दिसायला ठोकळे, पण त्यांना ऑनसाइट सहज मिळते आणि मागचं झाकणही साध्या स्क्रूंनी उघडतं.

आणि बिलावर फर्मचा जीएसटी नंबर घालून घ्या. क्लायंटला रोज बजावणारेच स्वतःच्या खरेदीत वैयक्तिक नावाचं बिल घेऊन येतात, मग 18 टक्के जीएसटीचं क्रेडिट 2बीत शोधत बसतात.