कान वाजतो त्याच्यापेक्षा कानात जे व्हायचं त्याची भीती जास्त होती – माझा अनुभव

मी लातूरला एका डाळमिलमध्ये मशीनवर आहे, १४ वर्षं झाली. मागच्या तुरीच्या सीझनला सलग डबल ड्युट्या चालू होत्या, एका रात्री घरी आलो, जेवलो, आडवा झालो आणि डाव्या कानात सूंऽऽ चालू झालं. आधी पण कधीतरी व्हायचं, सकाळपर्यंत जायचं, म्हणून झोपलो. ह्यावेळेस सकाळी गेलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठ दिवसांनी पण नाही.

टिनिटस, म्हणजे हे कान वाजणं, म्हणलं की सगळे आवाजाबद्दलच बोलतात, पण मला आवाजापेक्षा कानात जे शरीरानं जाणवायचं त्यानं घाबरवलं होतं आणि ते कुणाला सांगावं ते कळत नव्हतं. एक तर कायम दडा बसल्यासारखं वाटायचं, विहिरीत बुडी मारून वर आल्यावर बसतो ना तसा, जांभई दिली, गिळून बघितलं, सुटेना. दुसरं म्हणजे फडफड. डोळा लवतो बघा, तसा कान आतून लवायचा. बायकोनं ओट्यावर स्टीलचा डबा जरा जोरात ठेवला की कानात फड् फड् फड्, दोन-तीन सेकंद, आणि मग कानाच्या मागून मानेपर्यंत कुणीतरी तार ओढल्यासारखं. कानशील दुखायचं, संध्याकाळी कान आतून गरम लागायचा, हात लावला तर बाहेरून गार. मला वाटायचं आत काहीतरी सडू लालंय, नाहीतर डोक्यात गाठ असंल. रात्री दोन-दोन वाजता उठून बसायचो.

आईला फोन केला तर म्हणली, "लसूण कडवून तेल टाक की रे, तुझ्या आबाचं बी कान वाजायचे." टाकलं. दडा उलट वाढला. नंतर डॉक्टर म्हणाले तेल टाकू नका, पडद्याला भोक असलं तर आत पू होतो. आईचा जीव तुटत होता म्हणून तिला काही बोललो नाही.

पहिल्या डॉक्टरांनी मळ काढला, गोळ्या दिल्या, दोन महिने खाल्ल्या. परत गेलो तर म्हणाले आता सवय करून घ्या. मी ३९ वर्षांचा माणूस, फडफडीचं सांगायला तोंड उघडलं तर पुढचा नंबर आत आला पण. त्या दिवशी गाडी स्टँडला लावून तिथंच बसून राहिलो बराच वेळ, खरं सांगतो.

दुसऱ्या ठिकाणी पाहुण्यांच्या ओळखीनं गेलो. तिथल्या मॅडमनी आधी ऑडिओमेट्री केली, बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीक आवाज आला की बटन दाबायचं. बरेच आवाज आलेच नाहीत मला. ग्राफ दाखवला, रेघ सरळ येती येती आणि ४००० हर्ट्झला, म्हणजे चिरक्या आवाजाला, खड्डा, डाव्या कानाचा जास्त खोल. म्हणाल्या हा मशीनच्या आवाजाचा खड्डा आहे, आठ-आठ तास ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज ऐकला की आतल्या केसासारख्या पेशी मरतात आणि त्या परत उगवत नाहीत. तिकडून येणारा आवाज कमी पडला की मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवतो, तीच ही सूं. मग पडद्यामागचा दाब मोजला, तो एकदम नॉर्मल. म्हणजे दडा बसलेलाच नव्हता! तरी मला वाटायचा, आणि त्यांनी "तुम्हाला वाटतंय" असं म्हणून सोडलं नाही. एकाच कानाला आहे म्हणून एमआरआय करायला लावलं, नसेवर गाठ नाही ना हे बघायला. एमआरआयच्या मशीनचा आवाज फार असतो, मी कानाचं आधीच सांगितलं म्हणून बोळे दिले. रिपोर्ट क्लिअर आला, बायको तिथंच रडली.

मग मॅडम म्हणाल्या, दात गच्च आवळा. आवळले. आवाज बदलला का? बदलला, चांगलाच चढला. आता हनुवटी पुढं काढा, मान डावीकडं वळवा, मी हात लावते त्याला डोक्यानं दाब द्या. प्रत्येक वेळी सूं वरखाली. मला तर अंगावर काटा आला, इतके महिने वाटत होतं हे माझ्या हातात नाहीच, आणि इथं जबडा हलवला की हलतंय. त्यांनी सांगितलं की मान आणि जबड्याच्या नसा मेंदूत जिथं कानाची नस येते तिथं येऊन मिळतात. आणि कानात दोन इवले स्नायू असतात, मोठ्या आवाजाला कान आवळून धरायला, त्यातल्या एकाला जी नस आहे तीच चावायच्या स्नायूंना पण आहे. माणूस घाबरलेला, दात आवळलेला असला की तो स्नायू पण ताणून राहतो, म्हणून दडा, म्हणून फडफड.

बायको म्हणली, हे रात्री दात खातात, मी तर किती दिवसाची सांगू लालेय. दातांच्या डॉक्टरांकडं गेलो तर दाढा घासून सपाट झालेल्या, त्यांनी रात्री घालायचं गार्ड करून दिलं. फिजिओवाल्यांनी विचारलं फोन कसा धरता. मी डाव्या खांद्यात आणि कानात दाबून धरतो, हातानं पोती मोजत असतो ना. कितीतरी वर्षं तसंच. ते बंद केलं. मान वळवायचे व्यायाम, जबड्याला गरम शेक, आणि दिवसभर एकच ध्यान, जीभ टाळूला, दात सुटे, ओठ मिटलेले.

पहिला महिना काही फरक नाही, सोडून द्यावं वाटलं. दुसऱ्या महिन्यात कानशिलाची दुखी गेली, मग फडफड दिवसातून एक-दोनदाच. दडा सगळ्यात शेवटी सुटला, कोणत्या दिवशी ते पण आठवत नाही. सूं आहे, आता लिहिताना पण आहे. रात्री फॅन लावतो, थंडीत पण, पांघरूण घेऊन. लाईट गेली की फॅन बंद पडतो आणि एकदम सूं वर येते, पण आता दात आवळत नाही म्हणून तिथंच राहते.

कुणाला एका कानाचं ऐकायलाच अचानक कमी आलं असंल तर माझ्यासारखे महिने घालवू नका, त्याच दिवशी दाखवा, त्याचं औषध पहिल्या काही दिवसातच चालतं. आवाज नाडीबरोबर ठकठक करत असंल किंवा गरगरत असंल तरी दाखवाच.

मिलमध्ये मालकाला ग्राफ दाखवला. त्यांनी आवाज अडवायला कानावर घालायचे सहा इअरमफ मागवले. चार जण घालतात, दोघं अजून खुंटीला टांगून ठेवतात, एक तर २२ वर्षांचा पोरगा आहे, त्याला रोज शिफ्टच्या आधी मी स्वतः नेऊन देतो.